पाऊस पाच टर्नचा: पोकेमॉनमध्ये हवामानाची टीम बांधताना

पोकेमॉन या व्हिडिओ गेममधल्या माझ्या पहिल्यावहिल्या पावसाच्या टीममध्ये सहाच्या सहा पोकेमॉन वॉटर टाइपचे होते. हिशेब सरळ वाटला होता: पावसात पाण्याच्या मूव्ह, म्हणजे डाव, दीडपट लागतात, मग पाणीवाले जितके जास्त तितकं बरं. तिसऱ्याच लढतीत समोरून गॅस्ट्रोडॉन उतरला. त्याची स्टॉर्म ड्रेन नावाची अंगभूत अ‍ॅबिलिटी पाण्याची मूव्ह स्वतःकडे ओढून घेते, इजा शून्य होते आणि वर त्याचा स्पेशल अटॅक (थेट न भिडता केलेल्या हल्ल्यांचा जोर) वाढतो. मी पाणी मारत राहिलो, तो पीत राहिला. एका गोगलगाईने माझ्या सहा जणांना घरी पाठवलं.

त्यानंतर बऱ्याच टीम मोडल्या आणि बांधल्या. नव्याने सुरू करणाऱ्याला सगळ्यात आधी सांगावंसं वाटतं ते हे की हवामानाची टीम म्हणजे खरं तर वेळेची टीम. हवामान पाच टर्न, म्हणजे पाच फेऱ्या, टिकतं. त्या पाचांतले किती टर्न तुमच्या हल्ल्याच्या कामी आले, एवढ्यावर लढत ठरते. पुढे जे काही सांगतोय ते सगळं या एका हिशेबाभोवती फिरतं. नियम स्कार्लेट-व्हायोलेट या गेमचे धरले आहेत आणि भर डबल्सवर आहे, म्हणजे दोन विरुद्ध दोन, सहांतून चार निवडायचे. सिंगल्समध्ये (एक विरुद्ध एक) जिथे फरक पडतो तिथे तसं म्हटलं आहे.

पायरी १: चारातलं एक हवामान निवडा

हवामान खेळात दुसऱ्या पिढीत (मालिकेतल्या गेमच्या दुसऱ्या संचात) आलं, १९९९ च्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये. तेव्हा पाऊस, ऊन आणि वाळूचं वादळ एवढंच होतं. गारा २००२ च्या रुबी-सफायरमध्ये आल्या आणि २०२२ च्या स्कार्लेट-व्हायोलेटने गारा काढून त्यांच्या जागी बर्फ आणला. जुने व्हिडिओ बघून शिकत असाल तर हा बदल लक्षात ठेवा. गारा दर टर्नला आइस टाइप सोडून सगळ्यांना थोडं थोडं खात. बर्फ कुणालाच खात नाही.

पाऊस: वॉटर मूव्ह दीडपट, फायर मूव्ह निम्म्या. थंडर आणि हरिकेन या ११० ताकदीच्या मूव्ह एरवी शंभरातून तीस वेळा चुकतात, पावसात त्या चुकतच नाहीत. सोलर बीमची ताकद निम्मी होते. सिंथेसिस, मूनलाइटसारख्या मूव्ह एरवी निम्मी एचपी (जीवशक्ती) भरून देतात, पावसात फक्त पाव.

ऊन: बरोबर उलट. फायर दीडपट, वॉटर निम्मं. सोलर बीम एक टर्न थांबायला न लावता लगेच सुटतो, सिंथेसिस दोन तृतीयांश भरून देतं, आणि थंडर-हरिकेनची अचूकता ५० टक्क्यांवर घसरते.

वाळू: रॉक, ग्राउंड आणि स्टील सोडून सगळ्यांची दर टर्नला एक सोळांश एचपी जाते. रॉक टाइपचा स्पेशल डिफेन्स दीडपट होतो. कुठल्याही टाइपच्या मूव्हची ताकद वाढत नाही, आणि नवखा इथेच फसतो. वाळू मारत नाही, झिजवते. समोरच्याने फोकस सॅश (एका फटक्यात मरण्यापासून वाचवणारी वस्तू) धरली असेल तर ती मात्र वाळूच्या एका कणाने निकामी होते, कारण सॅशला एचपी पूर्ण भरलेली लागते.

बर्फ: आइस टाइपचा डिफेन्स दीडपट, ब्लिझर्ड चुकत नाही, आणि ऑरोरा व्हेल नावाचा पडदा लावता येतो. हा पडदा दोन्ही प्रकारचे हल्ले बोथट करतो. तो लावताना बर्फ पडत असावा लागतो, पण एकदा लागला की बर्फ थांबला तरी पडदा टिकतो.

पहिल्यांदा बांधताय? पाऊस घ्या. ऊन तेवढंच जोरकस आहे, पण पावसाची जुळणी जास्त क्षमाशील आहे: तुमच्या स्टील आणि ग्रास मंडळींची आगीची भीती पाऊस आपोआप निम्मी करतो. वाळू आणि बर्फ यांना हात थोडा बसल्यावर या.

पायरी २: हवामान लावणारा, आणि त्याची अ‍ॅबिलिटी तपासून

हवामान दोन रीतींनी लागतं. रेन डान्स किंवा सनी डेसारखी मूव्ह वापरून, किंवा मैदानात उतरल्याबरोबर अ‍ॅबिलिटीने. मूव्हला एक टर्न खर्च होतो. पाचांतला एक टर्न पहिल्याच खेपेला गेला तर उरलं काय? म्हणून अ‍ॅबिलिटीवालाच घ्या. ड्रिझल म्हणजे पाऊस, ड्राउट म्हणजे ऊन, सँड स्ट्रीम म्हणजे वाळू, स्नो वॉर्निंग म्हणजे बर्फ.

पावसासाठी पेलिपर किंवा पॉलिटोड. उन्हासाठी टॉर्कोल किंवा नाइनटेल्स. वाळूसाठी टायरॅनिटार किंवा हिपोडॉन. बर्फासाठी अबोमास्नो किंवा अलोलाचं नाइनटेल्स. क्योग्रे, ग्राउडॉन अशी मोठी नावंही हेच काम करतात, पण ती ज्या स्पर्धेत चालतात तिथेच.

आता एक बारीक गोष्ट, जी नवख्याचा अख्खा दिवस खाते. रानात पकडलेला प्रत्येक पेलिपर पाऊस पाडत नाही. त्याच्या दोन साध्या अ‍ॅबिलिटी आहेत, कीन आय आणि ड्रिझल. तिसरी, छुपी, म्हणजे रेन डिश. विंगल पकडून पंचविसाव्या लेव्हलला त्याचा पेलिपर करणार असाल तर विंगलची अ‍ॅबिलिटी हायड्रेशन आहे का ते आधी बघा. हायड्रेशनवाल्या विंगलचाच ड्रिझलवाला पेलिपर होतो. कीन आयवाला वाढवून बसलात तर अ‍ॅबिलिटी कॅप्सूल देऊन बदलता येतो. टॉर्कोलचंही तसंच: व्हाइट स्मोक असेल तर कॅप्सूलने ड्राउट मिळतं. पॉलिटोड आणि दोन्ही नाइनटेल्स यांची हवामानाची अ‍ॅबिलिटी मात्र छुपी आहे. तिथे कॅप्सूल चालत नाही, अ‍ॅबिलिटी पॅच लागतो.

पेलिपर आणि पॉलिटोड यांत पेलिपर का? पॉलिटोड पाऊस पाडतो आणि त्यानंतर फारसं काही करत नाही. पेलिपर पाऊस पाडतो, टेलविंडने आपल्या बाजूचा स्पीड दुप्पट करतो, न चुकणारं हरिकेन मारतो, आणि वेदर बॉल त्याच्या हातात पावसात १०० ताकदीची पाण्याची मूव्ह होते. वर सिंगल्समध्ये यू-टर्न मारून निघूनही जातो. दुखणं एकच: वॉटर आणि फ्लाइंग असल्यामुळे इलेक्ट्रिक मूव्ह त्याला चौपट लागते. डबल्समध्ये म्हणून मी त्याला फोकस सॅश देतो.

सिंगल्समध्ये सॅश नको, डॅम्प रॉक द्या. त्याने पाऊस पाचाऐवजी आठ टर्न टिकतो. उन्हासाठी हीट रॉक, वाळूसाठी स्मूद रॉक, बर्फासाठी आयसी रॉक. का, ते पुढच्याच पायरीत कळेल.

पायरी ३: टर्न मोजायला शिका

इथे जरा थांबू, कारण बाकीचं सगळं कुठेही वाचायला मिळेल.

सिंगल्समधली एक लढत घ्या. तुमचा दुसरा कुणीतरी मैदानात आहे. तुम्ही त्याला मागे घेऊन पेलिपर उतरवता. पाऊस सुरू. हा टर्न पहिला. हल्ला केलेला नाही, उलट समोरच्याचा फटका खाल्लाय. दुसऱ्या टर्नला पेलिपर यू-टर्न मारतो आणि त्याच्या जागी तुमचा खरा हल्लेखोर येतो. दुसरा टर्नही गेला. आता तिसरा, चौथा, पाचवा. हल्लेखोराला मिळाले तीन टर्न. कागदावर पाच लिहिलं होतं, हातात आले तीन.

त्यातल्या एका टर्नला समोरच्याने प्रोटेक्ट केलं (त्या टर्नचे हल्ले अडवले) की दोन.

आता डॅम्प रॉक घालून मोजा. आठांतून तेच दोन वजा केले की सहा. तीनाचे सहा, म्हणजे हल्ल्याचा वेळ दुप्पट. एका दगडाने एवढं होत असेल तर सिंगल्समध्ये त्याच्या जागी दुसरं काही देणं मला पटत नाही.

डबल्समध्ये चित्र वेगळं. तिथे पेलिपर आणि हल्लेखोर एकत्र उतरतात, त्यामुळे पहिल्या टर्नपासून पाऊस वापरात असतो. लढतीही लवकर आटोपतात. तिथे पाच टर्न बहुधा पुरतात आणि दगडापेक्षा सॅश जास्त कामाची ठरते.

मोजण्यातली आणखी एक खोच. पाऊस चालू असताना पेलिपर पुन्हा उतरवला तर पाऊस नव्याने सुरू होत नाही. घड्याळ होतं तिथूनच पुढे चालतं. मी हे कितीदा केलंय याची मोजदाद नाही: पाचवा टर्न चालू, मला वाटतं पेलिपर आणून पाऊस लांबवू. पेलिपर उतरतो, काहीच होत नाही, टर्न संपतो, पाऊस थांबतो, आणि कोरड्या मैदानावर पेलिपर ओशाळवाणा उभा. पाऊस पूर्ण थांबू द्या, मग सहाव्या टर्नला त्याला आणा. एक टर्न आधी आणणं म्हणजे त्याला फुकट मार खायला बोलावणं.

एके काळी हे मोजायची गरजच नव्हती. २०१३ च्या एक्स-वाय पर्यंत अ‍ॅबिलिटीने लागलेलं हवामान कुणी बदलेपर्यंत संपतच नसे. पाचव्या पिढीत पावसाने इतका धुमाकूळ घातला की स्मोगॉन या चाहत्यांच्या साइटवाल्यांनी त्यांच्या मुख्य गटात ड्रिझल आणि स्विफ्ट स्विम (पावसात स्पीड दुप्पट करणारी) एकाच टीममध्ये ठेवायला बंदी केली. आजची पाच टर्नची शिस्त आली ती त्यानंतरच्या पिढीत.

पायरी ४: हल्लेखोर

प्रत्येक हवामानाची एक स्पीड दुप्पट करणारी अ‍ॅबिलिटी आहे. पावसात स्विफ्ट स्विम, उन्हात क्लोरोफिल, वाळूत सँड रश, बर्फात स्लश रश. दीडपट ताकदीपेक्षा हा दुप्पट स्पीड मोठा आहे असं माझं मत. जो आधी मारतो त्याला परत मार खावा लागत नाही.

आकडे बघा. स्पर्धेत सगळे पोकेमॉन लेव्हल ५० चे धरले जातात. स्पीडचा आयव्ही (जन्मजात गुण) ३१ आणि ईव्ही (सरावाने मिळवलेले गुण) २५२, म्हणजे दोन्ही कमाल, असतील तर हिशेब सोपा आहे: मूळ स्पीडमध्ये ५२ मिळवा. ड्रॅगापल्टचा मूळ स्पीड १४२, म्हणजे १९४, आणि स्पीड वाढवणारा नेचर (स्वभाव) असेल तर २१३. भल्याभल्यांच्या पुढे धावणारा गडी. आता लुडिकोलो. मूळ स्पीड ७०, म्हणजे १२२. एरवी त्याच्याकडे कुणी बघणार नाही. पावसात स्विफ्ट स्विमने झाले २४४. ड्रॅगापल्ट मागे पडला, तेसुद्धा लुडिकोलोने नेचर स्पीडवर खर्च न करता. मग तो नेचर स्पेशल अटॅक वाढवणाराच द्या.

हीच गंमत उन्हात व्हीनसॉरची: ८० अधिक ५२, म्हणजे १३२, उन्हात २६४. वाळूत एक्सकॅड्रिल: ८८ अधिक ५२, म्हणजे १४०, वाळूत २८०.

यावरून एक नियम काढता येतो. मूळ स्पीड ७० ते ९० च्या आसपासचा हल्लेखोर शोधा. १३६ स्पीडचा बॅरास्क्यूडा पावसात सुसाट सुटतो हे खरं, पण तो तसाही बहुतेकांच्या पुढेच असतो; त्याला पावसाची खरी गरज ताकदीसाठी. लुडिकोलोचा मात्र पावसात पुनर्जन्म होतो.

लुडिकोलो टील मास्क या जोडखंडात परतला. तो खंड नसेल तर फ्लोटझेल किंवा बॅरास्क्यूडावर सुरुवात करा, दोघांनाही स्विफ्ट स्विम मिळते. उन्हासाठी लिलिगंट आणि वाळूसाठी हाउंडस्टोन मूळ खेळातच सापडतात. बर्फात सेटिटन, त्याला स्लश रश आहे का ते तपासूनच घ्या, थिक फॅटवाला इथे उपयोगाचा नाही.

स्पीड न वाढताही हवामानाचा फायदा घेणारे काही आहेत. त्यांच्यात आर्कालुडॉन माझा लाडका. त्याची इलेक्ट्रो शॉट ही १३० ताकदीची मूव्ह एरवी दोन टर्न घेते: एकात तयारी, त्यात स्पेशल अटॅक एक पायरी वाढतो, दुसऱ्यात फटका. पावसात तयारी आणि फटका एकाच टर्नला, आणि वाढलेल्या अटॅकसकट. तिची आणखी एक बाजू आहे. समोरच्याकडे पाणीवाले असतील तर तुमचा पाऊस त्यांनाही दीडपट देतो. आयत्या बिळावर नागोबा. इलेक्ट्रो शॉट त्या नागोबाचा बंदोबस्त करते.

पायरी ५: उरलेल्या जागा पाण्याला देऊ नका

गॅस्ट्रोडॉनकडे परत येऊ. हवामान लावणारा एक, हवामानावर जगणारे फार तर दोन. इथे थांबा. उरलेले तिघे असे हवेत की पाऊस पडो न पडो, त्यांचं काम चालू राहिलं पाहिजे. निवड करताना स्वतःला तीन प्रश्न विचारा.

माझी मुख्य मूव्ह जो गिळतो त्याला कोण मारेल? पावसासाठी हा प्रश्न स्टॉर्म ड्रेन आणि वॉटर अ‍ॅब्झॉर्ब यांचा, उन्हासाठी फ्लॅश फायरचा. गॅस्ट्रोडॉन वॉटर आणि ग्राउंड असल्यामुळे त्याला ग्रास मूव्ह चौपट लागते. लुडिकोलो स्वतःच ग्रासही आहे, त्याच्याकडे गिगा ड्रेन ठेवली की प्रश्न मिटतो. मी त्या सहा पाणीवाल्यांमध्ये एक ग्रास मूव्ह ठेवली असती तर आज हे लिहायला दुसरी सुरुवात शोधावी लागली असती.

ट्रिक रूम लागली तर? या मूव्हने पाच टर्न हळू चालणारे आधी मारतात. तुमचा २४४ चा स्पीड तिथे ओझं होतो. टीममध्ये एखादा मंद गडी असलेला बरा. अमुंगस, मूळ स्पीड ३०, यासाठी उत्तम. स्पोर टाकून झोपवतो, रेज पावडरने हल्ले स्वतःवर घेतो, आणि पावसामुळे त्याला आगीची भीती निम्मी.

पाऊस लागलाच नाही तर? हा तिसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत. यासाठी एक असा हल्लेखोर ठेवा ज्याला हवामानाशी देणंघेणं नाही.

या हिशेबाने जमवलेली एक टीम अशी: पेलिपर, लुडिकोलो, आर्कालुडॉन, अमुंगस, इन्सिनेरोर, गारचॉम्प. पावसाच्या टीमला आगीचा इन्सिनेरोर कशाला, असं वाटेल. त्याच्या आगीच्या मूव्ह पावसात निम्म्या होतात हे खरं. तो मारायला घेतलेलाच नाही. उतरताना इंटिमिडेटने समोरच्या दोघांचा अटॅक पाडतो, फेक आउटने एकाला एक टर्न गप्प बसवतो, पार्टिंग शॉट मारून दुसऱ्याला जागा करून देतो. गारचॉम्पला इलेक्ट्रिक लागत नाही, त्यामुळे पेलिपरवर टपलेल्या इलेक्ट्रिक मंडळींवर तो उतरवता येतो. त्याला अर्थक्वेक देताना मात्र विचार करा: डबल्समध्ये ती शेजारच्या आपल्या गड्यालाही लागते. पेलिपर उडता असल्याने वाचतो, आर्कालुडॉनला ती दुप्पट लागते. मी स्टॉम्पिंग टँट्रम देतो. ताकद कमी, पण शेजारी सुखी.

आर्कालुडॉनला स्पेशल डिफेन्स दीडपट करणारी असॉल्ट व्हेस्ट द्या. ती घातल्यावर हल्ल्याच्याच मूव्ह वापरता येतात, आणि इलेक्ट्रो शॉट हल्ल्याचीच मूव्ह आहे.

पायरी ६: हवामानाची मारामारी

दोघांकडेही हवामानवाला असेल तर? चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. शेवटी जो लावतो त्याचं हवामान टिकतं, आणि शेवटी कोण लावणार हे स्पीड ठरवतो. एकाच वेळी उतरले तर ज्याचा स्पीड जास्त त्याची अ‍ॅबिलिटी आधी चालते. म्हणजे मंद गडी जिंकतो.

पेलिपरचा मूळ स्पीड ६५, टॉर्कोलचा २०. दोघे पहिल्या टर्नला समोरासमोर उतरले की आधी पाऊस येतो, लगेच ऊन पडतं, आणि ऊनच राहतं. तुमच्या वॉटर मूव्ह दीडपटीऐवजी निम्म्या झाल्या, म्हणजे तुम्ही धरलेल्या इजेचा तिसरा हिस्सा हातात. समोरच्याच्या सहांत टॉर्कोल दिसला तर पेलिपर पहिल्या जोडीत उतरवूच नका. इन्सिनेरोर आणि दुसरा कुणी पुढे पाठवा, टॉर्कोलला त्याचं ऊन लावू द्या, मग पेलिपर आणा. आता पाऊस तुमचा, आणि ऊन परत आणायला टॉर्कोलला मैदानातून जाऊन पुन्हा यावं लागेल. त्याचे दोन टर्न गेले.

म्हणून हवामानवाला मरू देऊ नका, निदान लवकर नको. मागे बसलेला जिवंत पेलिपर ही समोरच्याच्या डोक्यावरची टांगती तलवार असते. नवखे त्याला पहिल्या दोन टर्नमध्ये गमावतात आणि मग वरातीमागून घोडं दामटत बसतात.

उन्हाकडून खेळत असाल तर उलटा धडा. टॉर्कोलला आणखी मंद करा, म्हणजे स्पीडचा आयव्ही शून्य आणि स्पीड पाडणारा नेचर. या मंदपणाचा उपयोग कसा होतो ते बघा: इरप्शन ही मूव्ह एचपी पूर्ण असताना १५० ताकदीची असते, पण टॉर्कोलची पाळी येईपर्यंत एचपी पूर्ण राहते कुठे? लिलिगंट शेजारी ठेवा. क्लोरोफिलने ती सगळ्यांच्या आधी धावते आणि आफ्टर यू वापरते, म्हणजे लगेच पुढची पाळी टॉर्कोलची. कुणाचा हात लागायच्या आत इरप्शन दोघांवर. ही जोडी जुनी आहे आणि सगळ्यांना ठाऊक आहे, तरी लागते तेव्हा लागते.

बदल करताना एक गोष्ट विसरू नका. मागे घेणं-पुढे आणणं हे टर्नमध्ये मूव्हच्या आधी होतं. तुम्ही उन्हात व्हीनसॉरला सोलर बीम मारायला सांगितलं आणि समोरच्याने त्याच टर्नला टायरॅनिटार उतरवला, तर वाळू आधी येते. सोलर बीम लगेच सुटत नाही, निम्मा होतो, आणि आठव्या पिढीपासून स्पीडही टर्नच्या मध्येच बदलत असल्याने व्हीनसॉर त्याच टर्नला परत १३२ वर येतो. समोर टायरॅनिटार बाकी असेल तर सोलर बीमवर विसंबू नका.

हवामान रद्द करणारेही असतात. गोल्डकची क्लाउड नाइन मैदानात असेपर्यंत हवामान असून नसल्यासारखं. घड्याळ मात्र त्या काळातही चालूच राहतं. युटिलिटी अंब्रेला धरणाऱ्याला ऊन-पावसाचा फरक पडत नाही. या दोन्ही गोष्टी क्वचित भेटतात.

पायरी ७: पहिल्या दहा लढती

खेळात सहा जण वाढवून, ईव्ही भरून मग कळणार की टीम चालत नाही, यापेक्षा पोकेमॉन शोडाउनवर आधी खेळून बघा. ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, टीम दोन मिनिटांत लिहून होते.

सुरुवात एकाच ठरावीक चालीने करा. पेलिपर आणि लुडिकोलो पुढे. पहिल्या टर्नला लुडिकोलो फेक आउट मारतो, पेलिपर टेलविंड लावतो. लुडिकोलो पावसात तसाही वेगवान आहे. टेलविंड मागून येणाऱ्या आर्कालुडॉनसाठी. टेलविंड लावलेल्या टर्नसकट चार टर्न टिकतो, पाऊस पाच. दुसऱ्या टर्नला पेलिपर मागे, आर्कालुडॉन पुढे, लुडिकोलो पाण्याचा मारा सुरू करतो. तिसरा आणि चौथा टर्न तुमचे: दोन्ही गडी वेगवान, दोन्ही पावसात. पाचव्याला टेलविंड नाही, पाऊस आहे. सहाव्याला दोन्ही नाही, आणि पेलिपर मागे जिवंत असेल तर तोच परत येण्याचा टर्न.

दर टर्नला पावसाचा आकडा तोंडाने म्हणा. वेड्यासारखं वाटतं, मी अजूनही करतो. हरलेल्या लढतीचा रीप्ले बघताना एवढंच मोजा: पाऊस होता ते टर्न किती आणि त्यांत माझ्या पाणीवाल्याने मारलेले किती. पाचांत दोनच निघाले तर पोकेमॉन बदलू नका, उतरवण्याचा क्रम बदला. चार निघूनही हरत असाल तर मात्र टीम उघडा, आणि सगळ्यात आधी गॅस्ट्रोडॉनसाठी ठेवलेली ती ग्रास मूव्ह अजून जागेवर आहे का ते बघा.